सेतुमाधवरावांची अभिनंदनपत्रं

सेतुमाधवरावांवर मी जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावरच चिडले नाही. नवऱ्यावरही नाही, आणि तो चिडण्यासारखा माणूस आहे. दर रविवारी एग्मोरहून परत येताना मी बसमध्ये ठरवायचे की आता पुरे, पुढच्या रविवारी जायचं नाही. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी पुन्हा त्यांच्यासमोर बसलेली असायचे आणि ते मला सांगत असायचे की टाचणी डाव्या कोपऱ्यात मारायची असते, उजव्या नव्हे.

मी सांगलीकडची. चेन्नईबाहेर सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, घरही तिथंच जवळ. आठवडाभर तमिळ आणि इंग्रजी ऐकून कान किटले की रविवारी एग्मोरच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात जायचे, चार दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र वाचायला. तिथं मागच्या खोलीत एक वयस्क गृहस्थ टेबलाशी बसलेले असत. पांढरा सदरा, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कपाळावर गंध. एकदा त्यांनी मला हाक मारून समोर बसवलं, हातात पेन दिलं आणि स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. मला वाटलं वर्गणीची पावती असेल. त्यांनी अक्षर निरखून पाहिलं, चालेल म्हणाले आणि माझ्यापुढे कुठल्याशा मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज सरकवला. अशी माझी नेमणूक झाली. मला कुणी विचारलंही नाही.

सेतुमाधवराव रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. नोकरीभर दुसऱ्यांचे रजेचे, पासाचे, बदलीचे अर्ज तपासले, आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले म्हणून चेन्नईतल्या मराठी मुलांसाठी शिष्यवृत्त्या शोधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. मूल कुठल्या जातीचं, बापाची नोकरी कसली, याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. मार्क बरे असावेत आणि घरात ओढाताण असावी, एवढं पुरे. पोरं त्यांना तात्ता म्हणत, म्हणजे तमिळमध्ये आजोबा. मी राव म्हणायचे.

टी. नगरच्या दुकानांतून साड्यांचे रिकामे खोके आणून त्यांनी भिंतीला रचून ठेवले होते. एकेका खोक्यात एकेका देणगीदाराची कागदपत्रं. त्यात काय काय होतं. आईचं माहेर तंजावर जिल्ह्यातलं असेल तर मिळणारी शिष्यवृत्ती, घरातल्या तिसऱ्या मुलीला मिळणारी शिष्यवृत्ती, आणि एका फार जुन्या निधीची तर अट अशी की अर्जदारानं सही मोडी लिपीत केली पाहिजे. त्या निधीकडे वर्षानुवर्षं अर्जच जात नव्हता. रावांनी त्यावर उपाय काढला. दर मे महिन्यात आठ-दहा पोरांना टेबलाभोवती बसवून ते नावापुरती मोडी शिकवत. या पोरांना मराठी धड बोलता येत नाही, आपसात सगळी तमिळ बोलतात, पण सही मात्र झोकात मोडीत करतात. मी एकदा म्हटलं की ही अट पाळण्यापेक्षा त्या निधीवाल्यांना ती बदलायला सांगा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन रविवार गप्प बसले.

त्यांचं मराठी तंजावरचं. त्यांची माणसं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेली ती तिथलीच झाली, आणि बरोबर नेलेली भाषा त्यांनी जपून ठेवली. माझं मराठी ऐकून त्यांना वाईट वाटायचं. "आम्ही बोलतों तें शुद्ध, बाई. तुमच्यांत हिंदी फार शिरलें," असं मला ऐकवायचे आणि पुढच्याच वाक्याला "सरी, आतां पोस्ट आपीसला जाऊन सीक्रम या". सरी म्हणजे बरं, सीक्रम म्हणजे लवकर. हे तमिळ आहे असं मी म्हटलं की साफ नाकबूल करायचे.

कॉम्प्युटरचं काम माझ्या गळ्यात पडलं. हल्ली बहुतेक अर्ज ऑनलाइन असतात आणि पोरांचे मोबाइल नंबर सारखे बदलतात, म्हणून रावांनी सगळ्या अर्जांवर स्वतःचाच नंबर द्यायला लावला. त्यामुळे ओटीपी यायचा त्यांच्या फोनवर. तो फोन बटणांचा. आधी ते चष्मा शोधत, मग फोन दूर धरत, मग आकडे वाचत. तेही एकेक नव्हे, जोडीजोडीनं, एकोणसत्तर, मग सत्तेचाळीस, आणि मग मध्येच थांबून विचारत की लिहिलंत का. तोवर मुदत संपलेली असे. पुन्हा मागवा. फोन माझ्या हातात द्या, मी वाचते, असं मी किती वेळा म्हटलं असेल. ते म्हणत की त्या संदेशांतच लिहिलं आहे, हा आकडा कुणाला दाखवू नये. पण मोठ्यानं वाचून दाखवायला मात्र हरकत नव्हती. डोकं आपटून घ्यावं असं वाटायचं.

आणि ती पत्रं. शिष्यवृत्ती मिळाली की मुलानं देणगीदाराला हातानं लिहून आभाराचं पत्र पाठवायचं, हा नियम मला पटायचा. पण राव स्वतः आणखी एक पत्र पाठवत, त्या मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना. आपल्या शाळेच्या अमुक विद्यार्थ्याला अमुक स्मृत्यर्थ अमुक इतक्या रकमेची शिष्यवृत्ती शिक्षण शुल्कासाठी मिळाली आहे, तरी आपल्या संस्थेचं हार्दिक अभिनंदन. रजिस्टर पोस्टानं. यात संस्थेचं काय अभिनंदन, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, पूर्वी असं पत्र गेलं की हेडमास्तर प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवत, मूल पुढं येऊन उभं राही, सगळी शाळा टाळ्या वाजवी. पैसे संपून जातात, पण टाळ्या मुलाच्या लक्षात राहतात. मी पत्रं टाइप करून दिली, कित्येक दिली.

पल्लवीची तीन पत्रंही मीच टाइप केली.

पल्लवीचे वडील संपतराव आमच्या सांगलीकडचेच, खानापूर भागातले. तिकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली, तसे हेही टी. नगरच्या सराफी दुकानांमागच्या गल्लीत गलाईची भट्टी चालवतात. भट्टीच्या वर एक खोली, तिच्यात चौघं जण. अॅसिडचा वास जिन्यापासून डोळ्यांत जातो. त्या खोलीत अभ्यास करून पोरीनं बारावीला असे मार्क मिळवले की सिरुसेरीच्या पुढच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजनं तिला अर्धी फी माफ केली. उरलेली अर्धी संपतरावांनी कशीबशी भरली. रोज टी. नगरहून येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून हॉस्टेल घ्यावं लागलं, आणि फीत गेलेले पैसे भरून निघून हॉस्टेलला लागावेत म्हणून रावांनी तिला फीसाठीच्या तीन शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. एक मोडीच्या सहीची, एक साडीच्या दुकानवाल्या शेटजींच्या ट्रस्टची, आणि एक कै. कावेरीबाई स्मृत्यर्थ. कावेरीबाई म्हणजे रावांच्या पत्नी. ती शिष्यवृत्ती राव स्वतःच्या पेन्शनमधून देत, आणि स्वतःकडेच रीतसर अर्ज मागवून, तपासून, मंजूर करत.

नेहमीच्या शिरस्त्यानं तीन पत्रं कॉलेजच्या प्राचार्यांना गेली. तिथं कुणी प्रार्थनेला वाचून दाखवली नाहीत. ती फी विभागात गेली, आणि महिन्याभरानं पल्लवीला मेल आला की तुला बाहेरून फीसाठी मदत मिळाल्याचं कळलं आहे, तेव्हा नियमाप्रमाणे तेवढी रक्कम तुझ्या सवलतीतून कमी केली आहे, ती भर. म्हणजे रावांनी वर्षभर खपून तीन ठिकाणांहून जे मिळवलं, ते एका हातानं आलं आणि दुसऱ्या हातानं गेलं. हॉस्टेलच्या खर्चाला काही उरलंच नाही. पंधरा दिवसांत कॉलेजचं समाधान झालं नाही तर ही कपात वर्षभर कायम राहणार होती.

मी रावांवर इतकी चिडले की बोलताना आवाज चढला. कुणी सांगितलं होतं त्यांना अभिनंदन करायला? आपण होऊन जाऊन सांगायचं, तेही रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट? ते शांतपणे म्हणाले की पत्र पाठवलं नसतं तरी पोरीनं कळवायलाच हवं होतं, तसा नियम असणार. चूक पत्राची नाही, कॉलेजचे नियम आधी वाचले नाहीत ही चूक आहे, आणि ती माझी आहे. दुनियेला नियम वाचा म्हणून सांगणाऱ्या या माणसानं देणगीदारांच्या अटी पाठ केल्या होत्या आणि कॉलेजचं पत्रक उघडूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी ते तेव्हा मागवून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. ते कबूल करतायत याचाही मला राग आला, कारण आता भांडायला जागाच उरली नव्हती.

मी रजा टाकून त्यांना कॉलेजात घेऊन गेले. फी विभागातले अधिकारी तरुण आणि सभ्य होते. मला वाटलं होतं राव विनवणी करतील, पोरीची परिस्थिती सांगतील. कसलं काय. त्यांनी पत्रक उघडलं, नियमाला बोट लावलं, तमिळमध्ये त्या अधिकाऱ्याला सांगितलं की तुमची कारवाई अगदी बरोबर आहे, आणि वर नियम चांगल्या भाषेत लिहिल्याबद्दल त्यांचं कौतुक केलं. मी कपाळाला हात लावला. मग ते हळूच म्हणाले की नियमात शिक्षण शुल्क असा शब्द आहे. मदत पुस्तकांसाठी, राहण्याजेवणासाठी असेल तर? अधिकारी म्हणाले, मग कपात नाही, पण देणगीदारांनी तसं लेखी दिलं पाहिजे. राव खूश झाले. परतताना बसमध्ये त्यांनी मला नीट लिहिलेल्या नियमाचं महत्त्व सांगितलं, पार सैदापेट येईपर्यंत.

मोडीवाल्या निधीचे विश्वस्त दोन दिवसांत कबूल झाले. अर्ज आणि आभार सोडून आणखी कशासाठी कुणी त्यांना पत्र लिहिलं याचाच त्यांना आनंद झाला होता. साडीवाले शेटजी अवघड होते. त्यांच्या दुकानात सणाची गर्दी, आणि राव त्या गर्दीत कॅशच्या काउंटरशी वेष्टी सावरत उभे. शेटजी म्हणत होते की फीसाठी दिलं की कसं मनाला बरं वाटतं, जेवणाखाण्याला दिलं तर लोक काय म्हणतील. राव दीड तास उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. शेवटी शेटजींनी त्यांना घालवायला सही केली.

राहिली तिसरी. ती तर घरचीच होती. मी पत्राचा मजकूर टाइप करून नेला आणि सही करा म्हटलं. त्यांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, हे होणार नाही.

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा मी काय काय बोलले ते आता आठवून लाज वाटते. दीड तास दुसऱ्याच्या दारात उभे राहिलात, आणि स्वतःची एक सही जड जाते? त्यांनी कावेरीबाईंच्या खोक्यातून एक कागद काढला. शिष्यवृत्तीच्या अटी, त्यांच्याच अक्षरात. कावेरीबाईंनी आजारपणात अंथरुणावरून सांगितलेल्या आणि त्यांनी उतरून घेतलेल्या. मग त्यांनी मला पहिल्यांदाच बायकोबद्दल सांगितलं. कावेरीबाई लग्नाआधी कॉलेजात जात होत्या. वडिलांना दुसऱ्या सहामाहीची फी भरता आली नाही. तेव्हा फी न भरणाऱ्यांची नावं वर्गात वाचून पटावरून कमी करत. त्यांचं नाव सगळ्या मुलामुलींसमोर वाचलं गेलं आणि त्या दप्तर उचलून बाहेर आल्या. पुढं संसार झाला, नातवंडं झाली, पण ते त्या कधी विसरल्या नाहीत. "फीच लिहा म्हणाली. दुसरें कांहीं लिहूं नका. फी भरली असली म्हणजे पोरीचें नांव कोणी वाचून दाखवीत नाहीं," राव म्हणाले. "तिचा शब्द आहे, बाई. मी कसा बदलूं."

मी म्हटलं, पण ही तिसरी तशी ठेवलीत तर पल्लवीला त्यातलं काहीच मिळणार नाही. कॉलेज तेवढेच पैसे कापणार. तुमच्या पेन्शनचे पैसे सरळ त्या श्रीमंत कॉलेजला जाणार. ते म्हणाले, जाऊ देत. पावतीवर कावेरीचं नाव येईल. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला. मेलेल्या माणसाच्या शब्दाला इतकं धरून बसायचं आणि जिवंत पोरीचं काय? मी पर्स उचलली आणि निघून आले. पुढच्या रविवारी जाणार नव्हते.

पण पल्लवीचा फोन आला की तात्तांनी बोलावलंय, अक्का तुम्हीपण या. मुदतीला तीन दिवस राहिले होते. गेले. राव तिला कावेरीबाईंचं नाव पटावरून कमी झाल्याची हकीगत सांगून समजावत होते की या पैशाचा तुला उपयोग नाही हे मला ठाऊक आहे, तरी मी अट बदलू शकत नाही, तेव्हा तू मला क्षमा कर. पाऊणशे वर्षांचा माणूस अठरा वर्षांच्या पोरीची हात जोडून क्षमा मागत होता. ती अवघडून खाली बघत होती. मग तिनं, तिच्या त्या तमिळ वळणाच्या मराठीत, अगदी सहज सांगितलं.

"तात्ता, फी भरून झाली. नाव कोणी काढणार नाही. माझं जेवणाचंच राहिलंय. रात्रीचं मेस मी बंद केलंय, तो मेल आला तेव्हापासून. अप्पांना सांगू नका."

रावांनी विचारलं, रात्री काय खातेस. ती म्हणाली, बिस्किट. कधीकधी मैत्रीण डोसा आणते. हॉस्टेलात दुपारचं आणि रात्रीचं वेगळं घेता येतं, म्हणून तिनं रात्रीचं सोडलं होतं. तिला त्यात फार मोठं काही केल्यासारखं वाटत नव्हतं. मला रडू आलं. रावांनी तिला खिशातले पैसे देऊन समोरच्या हॉटेलात पाठवलं, आत्ता जेवून ये म्हणून, सकाळचे अकरा वाजले होते तरी.

ती गेल्यावर त्यांनी खोक्यातून तो कागद पुन्हा काढला. टेबलावर पसरला. पेनचं टोपण काढलं, टोक कागदाला टेकवलं आणि उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही खोडा," ते म्हणाले. "माझ्या हातून होत नाहीं."

मी शिक्षण शुल्कासाठी हे शब्द खोडले आणि वर त्यांनी सांगितलं तसं जेवणासाठी असं लिहिलं. प्रत्येक खाडाखोडीवर पूर्ण सही लागते, नुसती आद्याक्षरं चालत नाहीत, असं म्हणत त्यांनी बाजूला सही केली, तारीख घातली. मग कागदाकडे बघत, मला नव्हे तर जणू त्या कागदालाच, ते म्हणाले की तिकडे गेल्यावर कावेरी विचारणारच, काय सांगू.

"सांगा, पोरगी उपाशी होती," मी म्हटलं.

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, एखादा अर्ज तपासावा तसा. मग म्हणाले, "सरी. त्यावर ती कांहीं बोलायची नाहीं."

कॉलेजनं कपात मागे घेतली. पल्लवीचं रात्रीचं मेस पुन्हा सुरू झालं. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी मी पत्र आणि त्या कागदाची झेरॉक्स पाकिटात घातली, आणि रावांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरत होते. माझं मन भरून आलं होतं. आजवर जे काही बोलले त्याबद्दल एकदा माफी मागावी असं मनात होतं. पुढच्या शुक्रवारी ते झोपेतच गेले, हे तेव्हा मला कुठं माहीत होतं. वळणावर ते थांबले आणि वर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलतील.

"खोडतांना पट्टी घ्यावी, बाई," ते म्हणाले. "रेघ वांकडी आली आहे. ती बघेल तेव्हां मलाच बोलेल."